कोरीटच्या मुलीने काय बोलावं?

जानेवारी उजाडला की महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये स्त्री-पुरुष समानतेचा हंगाम सुरू होतो. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 12 ला जिजाऊंची, पुढे 8 मार्चचा महिला दिन. परिपत्रक येतं, ते शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे ढकललं जातं आणि माध्यमिक गटाच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय फळ्यावर लिहिला जातो : 'स्त्री-पुरुष समानता : काळाची गरज'. वेळ पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला सूचनेची घंटा, पाचव्याला थांबण्याची. गुण विषयमांडणीला, उच्चारांना, हावभावांना आणि वेळेच्या भानाला. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावची नववी-दहावीतली मुलगी या स्पर्धेत काय बोलणार, हे तिचं भाषण न ऐकताही सांगता येतं. आमची तक्रार नेमकी तीच आहे.

भाषणाची सुरुवात सन्माननीय व्यासपीठाला वंदन करून होते. मग पाळण्याच्या दोरीची ती ओळ. मग जिजाऊ, सावित्री, अहिल्याबाई, झाशीची राणी, इंदिरा गांधी आणि कल्पना चावला अशी रांग, याच क्रमाने. मग आवाज चढतो आणि स्त्रीभ्रूणहत्या येते. आवाज कापरा होतो आणि हुंडाबळी येतो. शेवटी आवाज ठाम करून सांगितलं जातं की कायद्याने मुलीला वडिलांच्या संपत्तीत मुलाइतकाच वाटा दिला आहे, आता समाजाची मानसिकता बदलायला हवी. टाळ्या. भाषण बहुतेक वेळा मराठीच्या बाईंनी किंवा सरांनी लिहून दिलेलं असतं, त्यांनी ते निबंधाच्या पुस्तकातून घेतलेलं असतं, आणि पुस्तकवाल्याने ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून रचलेलं असतं. मुलगी ते चोख पाठ करते. तिचा त्यात काहीच दोष नाही.

पण ते भाषण नंदुरबारला लावून पाहा. नंदुरबारकरांना कोरीट नाका रोजचा आहे; नाक्यापलीकडचं कोरीट राज्याच्या बातम्यांत सहसा येत नाही. जिल्हा मात्र येतो, बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यातले दहापैकी जवळजवळ सात जण अनुसूचित जमातींचे. साक्षरता 64 टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. राज्याची सरासरी त्या वेळी 82 च्या पुढे होती. मागासलेपणाच्या यादीत नंदुरबारचं नाव नेहमी वर असतं. त्याच जनगणनेतला दुसरा आकडा मात्र कुणी व्यासपीठावरून सांगत नाही. दर हजार पुरुषांमागे राज्यात स्त्रिया 929, नंदुरबारमध्ये 978. सहा वर्षांखालच्या मुलांत बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे मुली उरल्या होत्या 807. नंदुरबारमध्ये 940 च्या पुढे. शिकलेल्या, सोनोग्राफी यंत्रं हाताशी असलेल्या महाराष्ट्राने मुली पोटातच मारल्या, आणि सर्वांत कमी शिकलेल्या जिल्ह्याने त्या मानाने जगू दिल्या. असं असताना नंदुरबारची मुलगी व्यासपीठावर उभी राहून आपल्याच गावाला भ्रूणहत्येबद्दल खडसावते! तिने खरं तर बीड-सांगलीच्या मुलांना बोलावून चार गोष्टी सुनवायला हव्यात.

हुंड्याचंही तसंच. कोरीटच्या आसपासच्या सपाटीवरच्या गावांत जमीनधारक जाती आहेत, त्यांच्यात हुंडा आहे, मानपान आहे, आणि त्यावर बोलायलाच हवं. पण त्याच वर्गात, कदाचित त्याच बाकावर, भिल्ल घरातली मुलगी बसलेली असते. तिच्याकडे पैसे मुलाकडून मुलीच्या बापाकडे जातात. त्याला देज म्हणतात. तिने हुंडाबळीवर गळा काढून बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या मयताला रडणं. देज म्हणजे समानता, असं आम्ही म्हणत नाही. ज्या बाईसाठी पैसे मोजले, ती नांदायला नको म्हणाली की देज परत करण्याचा प्रश्न पंचांपुढे येतो, आणि तिथे बसलेले पंच पुरुषच असतात. दुसऱ्या बाजूने, काडीमोड आणि पुन्हा घर मांडणं आदिवासी बाईला जितकं सहज जमतं तितकं वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बाईला आजही जमत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. या गुंत्यावर दहावीतली मुलगी बोलू शकेल का? शकेल. घरात तिने ते पाहिलेलं असतं. तिला विचारत मात्र कुणी नाही.

तिसरा मुद्दा वारशाचा, आणि सगळ्यात जास्त चीड येते ती याची. कारण इथे मुलीच्या तोंडी घातलेलं वाक्य नुसतं परकं नसतं, तिच्यापुरतं ते कायद्याने खोटं असतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात सुरुवातीलाच, कलम 2 च्या दुसऱ्या पोटकलमात, हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही असं लिहून ठेवलं आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढली तरच तो लागू व्हायचा. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं. 2005 मध्ये संसदेने तेच देशभर केलं. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी दिली, निबंधाच्या पुस्तकांत नवं वाक्य आलं. कलम 2 चं दुसरं पोटकलम होतं तिथेच राहिलं. म्हणजे ज्या जिल्ह्यात दहातले सात लोक आदिवासी, तिथल्या बहुतांश मुलींना हा गाजलेला हक्क त्या कायद्याने मिळालेलाच नाही, आणि तरी दर जानेवारीत त्या तो मिळाल्याबद्दल सरकारचे आभार मानत असतात.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न गेला. 9 डिसेंबर 2022 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की या कायद्याखाली आदिवासी मुलीला हिस्सा देता येत नाही. पण आदिवासी नसलेल्या मुलीला मिळतं ते आदिवासी मुलीला का मिळू नये, असा सवालही केला आणि केंद्राने कायदा बदलण्याचा विचार करावा असं सुचवलं. त्यानंतर 17 जुलै 2025 ला छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. बायकांना वाटा न देण्याची रूढी तुमच्या जमातीत आहे हे सिद्ध करा, नसेल तर समान वाटा द्या, असा त्या निकालाचा रोख. आतापर्यंत वाटा मागणाऱ्या बाईने रूढी दाखवायची होती. आता वाटा नाकारणाऱ्याने ती दाखवायची. हा लहान फरक नाही. पण निकाल म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक बाईने कोर्टाची पायरी चढायची, वकील करायचा, भावाविरुद्ध उभं राहायचं, मग कुठे तो निकाल तिच्या कामाला येणार. पोटकलम अजून आपल्या जागी आहे, आणि ते उठवायला केंद्राची एक अधिसूचना पुरते. आदिवासींच्या स्वतंत्र रूढी जपायच्या म्हणून ते ठेवलं, असं सांगितलं जातं. रूढी जपाव्यात हे मान्य. जपायच्या कोणत्या आणि सोडायच्या कोणत्या, हे ठरवताना बायकांना कुणी विचारलं होतं का, एवढंच विचारायचं आहे.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली नर्मदाकाठची गावं बुडाली. विस्थापितांना जमीन कशी द्यायची ते नर्मदा जलविवाद लवादाने 1979 च्या निवाड्यात ठरवलं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि अवलंबून असलेली माणसं. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब. सज्ञान मुलगी? तिचा तसा उल्लेखच नाही. मणिबेलीपासून पुढे वर्षानुवर्षं मोर्च्यांत, धरण्यांत, चढत्या पाण्यात उभ्या राहिल्या त्यांत बायका किती होत्या, ते त्या काळच्या कुठल्याही छायाचित्रात मोजून घ्यावं. निवाड्याने मोजले ते मुलगे. दुसरं उदाहरण 2006 च्या वनहक्क कायद्याचं. त्यात लग्न झालेल्या दावेदाराला पट्टा मिळतो तो नवरा-बायको दोघांच्या नावाने. कलम 4 मध्येच तसं लिहिलं आहे. सातपुड्यात वनजमीन कसणाऱ्या भिल्ल-पावरा बाईचं नाव त्यामुळे सरकारी कागदावर येऊ शकतं. खाली सपाटीवर, पिढ्यान्‌पिढ्या मालकीची काळी जमीन असलेल्या घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर शोधावं लागतं. सापडलंच तर बहुधा नवरा वारल्यावर. आता या दोन बायकांत पुढारलेली कोणती? वक्तृत्व स्पर्धेला याहून चांगला विषय आम्हाला तरी सुचत नाही.

आणि ज्यावर या स्पर्धांत कधीच बोललं जात नाही, ते वर्गात रिकाम्या बाकाच्या रूपाने हजर असतं. दिवाळीनंतर जिल्ह्यातली कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती 'एका कोयत्या'ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. तोडायला दोघं, मोळ्या बांधायला, डोक्यावरून गाडीत भरायला दोघं. हिशेब एक, आणि तो होतो पुरुषाशी. त्यांच्याबरोबर लहान भावंडं सांभाळायला, भाकऱ्या थापायला जी जाते ती थोरली मुलगी, म्हणजे आपल्या स्पर्धेच्या वयाची. समान कामाला समान वेतनाचा कायदा देशात 1976 मध्ये झाला. तो पाठ करून सांगणाऱ्या मुलीला बक्षीस मिळतं, आणि आपल्या आईला कोयत्यामागे सुटे पैसे किती मिळाले हे जिला ठाऊक आहे ती मुलगी त्या दिवशी शाळेतच नसते.

डाकिणीचंही असंच. गावात मूल दगावलं, गुरं मेली, की एखाद्या बाईकडे बोट दाखवायचं, तिला डाकीण ठरवायचं, मारायचं, गावाबाहेर काढायचं. सातपुड्याच्या भागात हे घडत आलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्याविरुद्ध गावोगाव फिरले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार आता आहे. ज्या बाईला डाकीण ठरवतात ती पुष्कळदा एकटी असते, आणि तिच्या नावे चतकोर जमीन असते. म्हणजे विषय पुन्हा जमिनीवरच आला. हे सगळं सोडून आपण मुलांना कल्पना चावलांच्या अंतराळयानाचा खडान्‌खडा तपशील पाठ करायला लावतो. कल्पना चावला थोर होत्याच. पण त्यांच्या नावाने टाळी घेऊन खाली उतरायला मुलीला धैर्य लागत नाही.

बरं, प्रेरणा द्यायची तर दूर कशाला जायचं? तापी ओलांडली की शहादा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाच्या पुढाकाराने आणि बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांच्या साथीने भूमिहीन मजुरांची चळवळ उभी राहिली. 1972 मध्ये श्रमिक संघटना झाली. बळकावलेल्या जमिनी, सालदारी, मजुरी हे तिचे विषय. पण बायका एकत्र बसायला लागल्यावर त्यांनी स्वतःचा विषय काढला : दारू, आणि दारू पिऊन होणारी मारहाण. ठराव करून त्या थांबल्या नाहीत. गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांवर जाऊन त्यांनी मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्यांना जाब विचारला. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने या चळवळीवर लिहिलं. राधा कुमार यांनी भारतातल्या स्त्री-चळवळीचा इतिहास 1993 मध्ये ग्रंथरूपाने मांडला त्यातही शहादा आहे. देशाच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात ज्यांची नोंद आहे, त्या बायकांच्या नाती-पणती आज या जिल्ह्यातल्या हायस्कुलांत शिकतात, आणि भाषणात शहाद्याचं नाव नसतं. नंदुरबारने 2014 मध्ये जेमतेम सव्विशीतल्या हीना गावितांना लोकसभेवर पाठवलं, तेही नऊ वेळा निवडून आलेल्या माणिकराव गावितांना हरवून. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, भाषणात निदान हे वाक्य यायला हरकत नसावी.

नंदुरबारची शाळकरी मुलं एक गोष्ट मात्र तोंडपाठ सांगतात, आणि सांगायलाच हवी : शिरीषकुमारची. 9 सप्टेंबर 1942. पंधरा वर्षांचा मुलगा, हातात तिरंगा, पोलिसांच्या गोळ्या, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हे त्याचे साथी. पोलिसाने बंदूक रोखली ती मिरवणुकीतल्या मुलींवर, आणि शिरीषकुमार मध्ये उभा राहिला, असं सांगतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण त्या मुली कोण होत्या? बंदुकीसमोर उभ्या राहण्याइतकं धैर्य त्यांच्यापाशीही होतंच. बेचाळीसच्या नंदुरबारात घरून निघून मिरवणुकीत यायला तर ते मुलग्यांपेक्षा काकणभर जास्तच लागलं असेल. मुलग्यांची नावं हुतात्मा स्मारकावर आहेत, आणि ते योग्यच आहे. गोष्टीतल्या मुली मात्र नुसत्या 'मुली' राहिल्या, त्यांचं काम वाचवलं जाण्यापुरतं. समानतेवर बोलणाऱ्या एखाद्या मुलीने गावातल्या जुन्या घरांतून हिंडून त्यातल्या एकीचं जरी नाव शोधून आणलं, तरी आम्ही तिला पहिलं बक्षीस देऊ. योगायोग पाहा : 2005 ची वारसा कायद्यातली दुरुस्ती अमलात आली तीही 9 सप्टेंबरलाच.

शाळकरी मुलीकडून एवढी अपेक्षा करणं जास्तीचं आहे, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर 1855 सालचं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली, चौदाएक वर्षांची मुक्ता साळवे. तिने निबंध लिहिला तो मांग-महारांच्या दुःखाविषयी, म्हणजे स्वतःच्या वस्तीविषयी, आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात थोर स्त्रियांची रांग नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात ते स्वतःच्या अनुभवावरून समजून घ्या, असं ती सुखवस्तू वाचकाला बजावते. वेद जर आम्हाला वाचायचे नाहीत तर आमचा धर्म तरी कोणता, हा तिचा प्रश्न तर आजही कुणाला नीट पेललेला नाही. परीक्षकांच्या आजच्या गुणपत्रकावर मुक्ताला हावभावाचे किती गुण पडले असते कोण जाणे. सत्तावीस वर्षांनी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली तीही एका खटल्यावरून : सुरतेची विजयालक्ष्मी ही विधवा, बालहत्येचा आरोप, आणि त्यावरून समस्त स्त्रीजातीला नावं ठेवणारी वर्तमानपत्रं. ताराबाईंनी लेखणी उचलली ती त्या एका बाईसाठी. हीच ती सुरत, जिथे आज नंदुरबारची माणसं मजुरीला उतरतात. मुक्ता काय, ताराबाई काय, दोघींनी हाताशी होतं तिथून सुरुवात केली.

आता शिक्षकांची बाजू. ती आहे, आणि खोटी नाही. वक्तृत्व स्पर्धेने मुलींना सभाधीटपणा येतो. चारशे मुलांसमोर, संस्थेच्या अध्यक्षांसमोर, ध्वनिक्षेपकावर स्वतःचा आवाज ऐकणं हीच पुष्कळ मुलींसाठी मोठी मजल असते. शब्द कुणाचे का असेनात. उद्या हीच मुलगी ग्रामसभेत उठून बोलेल, असं शिक्षक म्हणतात. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, तेव्हा बोलणाऱ्या बायका गावाला हव्याच आहेत. पण दुसऱ्याने लिहून दिलेलं छान म्हणून दाखवण्याची सवय लहानपणी लावली, तर पुढे त्यातून काय निघतं तेही गावोगाव दिसतंच : सरपंचबाई खुर्चीत, आणि त्यांच्या वतीने बोलणारे यजमान शेजारी. सरपंचपती काही आकाशातून पडत नाहीत.

उच्चाराच्या गुणांचं काय करायचं हाही प्रश्न आहेच. इथल्या मुलीच्या घरी भिलोरी बोलतात, पावरी बोलतात, मावची, गुजरी, अहिराणी बोलतात. तिच्या तोंडी डोळ्याचा डोया होतो. प्रमाण मराठी तिला यायला हवी, त्याबद्दल वाद नाही. ती आली नाही तर तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत तिचं कुणी ऐकणार नाही. पण समानतेवरच्या स्पर्धेत, शहरातल्या शिक्षकाच्या मुलीला 'ळ' नीट जमतो म्हणून पाच गुण जास्त आणि पाड्यावरच्या मुलीला पाच कमी, हे जरा जास्तच होतं. निदान या एका विषयापुरता तो रकाना काढून टाका. त्या जागी 'स्वतः पाहिलेलं, विचारून आणलेलं काय सांगितलं' असा रकाना घाला आणि सर्वांत जास्त गुण त्याला ठेवा. बाईंनी लिहून दिलेलं भाषण मग आपोआप मागे पडेल.

शिवाय या विषयावर बोलायला मुलीच उभ्या राहतात, हे एक विशेषच. देशभक्ती, विज्ञान, मोबाइलचे दुष्परिणाम यांवर मुलगे. समानतेवर मुली, आणि गटातून एखादा मुलगा चुकून आलाच तर तो 'स्त्री ही देवता आहे' असं सांगून जातो. देवतेला कुणी सातबारा देत नाही. मुलग्यांना हा विषय सक्तीचा करावा, आणि त्यांना एकच प्रश्न द्यावा : काल सकाळी उठल्यापासून शाळेची घंटा होईपर्यंत तुझ्या घरात कोणी काय काम केलं? पाणी कोणी आणलं, भाकरी कोणी टाकली, धाकट्याला आंघोळ कोणी घातली, आणि तू त्या वेळात काय करत होतास? पाच मिनिटं पुरायची नाहीत. बहिणीच्या दिवसाचा असा हिशेब चारचौघांत द्यावा लागला तर काही मुलग्यांची जीभ अडखळेल. अडखळू द्यावी. हावभावाचे गुण तेव्हा हवे तर देऊ.

सगळंच वाईट चाललं आहे असं नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेपर्यंत पोचवतात. त्या गाडीने जितक्या मुली दहावीपर्यंत नेल्या असतील तितक्या शंभर भाषणांनी नेल्या नसतील. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या नावाआधी लिहायचं असा नियम झाला. ही बाळं हायस्कुलात यायला अजून वेळ आहे. आज नववीत असलेल्या मुलीला तो नियम लागू नाही, आणि तिच्या आईचं नाव दाखल्यावर आलं तरी ते शेतात पोचत नाही.

म्हणून नंदुरबार तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे, कोरीट आणि आसपासच्या गावांची मुलं ज्यांच्याकडे येतात त्यांना तर विशेष. येत्या 3 जानेवारीसाठी 'काळाची गरज' राहू द्या. 'आमच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत' हा विषय ठेवा. महिनाभर आधी जाहीर करा. मुला-मुलींना घरचा उतारा काढायला लावा; तो मोबाइलवरही दिसतो. वनपट्टा असेल त्यांनी तो आणावा. जमीनच नसेल त्यांनी मजुरी कोणाच्या हातात पडते ते विचारून यावं. आदिवासी मुलींना कलम 2 चं दुसरं पोटकलम वाचून दाखवा, आणि त्यावर त्यांना काय वाटतं ते त्यांच्या भाषेत बोलू द्या. काही घरांत यावरून कुरबूर होईल, एखादा पालक शाळेत येऊन 'पोरांना हे काय शिकवता' असं विचारेलही. त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि त्याच्यापुढे लक्ष्मीमुक्तीचा अर्ज ठेवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावण्याची मोहीम काढली, त्यातून पुढे 1992 मध्ये सरकारनेही त्याच नावाची योजना आणली. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचं, तलाठ्याकडे साधा अर्ज द्यायचा. योजनेला तीस वर्षं उलटून गेली, पुष्कळ गावांना ती ठाऊकही नाही. बक्षीस समारंभाला तलाठ्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं तर अर्ज तिथल्या तिथे भरून घेता येतील. तयारी एकच ठेवावी लागेल : त्या दिवशी बापांनाही शाळेत आणावं लागेल, कारण तो अर्ज बायकोला करता येत नाही, नवऱ्यानेच करायचा असतो.